तेलाचा हात

धारूरकर साहेब माती चाखून बघायचे, असं जालन्यात अजूनही काही लोक सांगतात. खोटं आहे. ते वास घ्यायचे. चिमूटभर माती डाव्या तळहातावर घ्यायची, दोन थेंब पाणी टाकायचं, अंगठ्यानं चोळायची आणि नाकाशी न्यायची. तोंडात कधी घातली नाही. मी त्यांच्या हाताखाली एकोणीस वर्षं काम केलं, म्हणून सांगते. त्यांच्याबद्दल आणखी एक गोष्ट लोक सांगतात. तीही खोटी आहे, आणि ती खोटी आहे हे माहीत असलेलं माणूस आता मी एकटीच उरले आहे.

मी चौथी शिकलेली. नातीनं शुद्धलेखन बघितलं आहे, मजकूर माझा आहे.

साहेब दिसायला काही विशेष नव्हते. बुटके, अंगानं वाळलेले, कान तेवढे मोठे. बारा महिने अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट. दिवसभर मातीच्या प्रयोगशाळेत वावरून संध्याकाळी त्या शर्टावर डाग नसायचा. माझी साडी बघितली तर बाई वीटभट्टीवरून आली असं वाटायचं. मी एकदा म्हटलं, "साहेब, तुमच्याच अंगावर कशी उडत न्हाई?"

"माती उडत न्हाई, बाई. आपण उडवतो."

मी तेव्हापासून चाळणी हळू हलवायला लागले.

आमच्या प्रयोगशाळेचं नाव लिहीत नाही. रस्ता, पूल, तलावाची भिंत, शाळेची इमारत, काहीही बांधायचं म्हटलं की तिथली माती आधी पोत्यात भरून आमच्याकडं यायची. ठोकली तर किती दबते, कुठपर्यंत चिकट राहते आणि कुठं भुगा होते, हे आम्ही करून बघायचो. साहेब ते कागदावर लिहायचे आणि खाली सही करायचे. त्या सहीवर तिकडं रोलर चालायचा, नाहीतर थांबायचा.

मी तिथं लागले झाडायला. नवरा गेल्यावर टेंभुर्णीहून दोन मुली घेऊन जालन्याला आले होते. आधी मस्तगडला एका बाईंकडं पापड लाटायला जायची. ते काम उन्हाळ्यापुरतं. मग कुणीतरी सांगितलं की मातीच्या ऑफिसात रोजंदारीवर बाई पाहिजे. पहिल्या महिन्यात एकदा दुपारी रिकामी बसले होते. टाकून दिलेला चिखलाचा गोळा समोर होता. हाताला चाळा म्हणून मी त्याची वात वळत बसले, समईची वळतात तशी. साहेब मागं येऊन उभे राहिलेले मला कळलं नाही.

"परत करा," ते म्हणाले.

मी घाबरून केली. त्यांनी खिशातून लोखंडाची एक बारीक कांडी काढून वातीशेजारी ठेवली. दोन्ही सारख्याच जाड. ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"आणखी एक."

तीही तशीच झाली. साहेबांनी कांडी खिशात ठेवली. "उद्यापासून झाडू दुसरं कुणीतरी घेईल. तुम्ही काचेवर बसा."

काचेवरचं काम असं. माती बारीक चाळायची, पाण्यात कालवायची आणि काचेच्या पाटीवर तळहातानं वळून तीन मिलिमीटरची वात करायची. तुटली नाही तर गोळा करून परत वळायची. असं करता करता माती वाळत जाते आणि एका वेळेला बरोबर त्या जाडीला आली की तिचे तुकडे पडतात. तिथं थांबायचं. ते तुकडे झाकणाच्या डबीत भरून वजन करायचं, रातभर ओव्हनमध्ये वाळवायचे, परत वजन करायचं. किती पाणी असताना वात तुटली ते त्यावरून निघतं. साहेबांनी समजावून सांगितलं तेव्हा मी म्हटलं, "म्हंजे भाकरीच्या पिठासारखंच की."

"भाकरीचं सोडा. भाकर पोटात जाते. ह्याच्यावरून एसटी जाणार आहे."

दुसऱ्या खोलीत रफिकभाई असायचे. त्यांचं काम ठोकायचं. लोखंडी साच्यात मातीचा थर घालायचा आणि वरून धुम्मस सोडायचा. एका थराला पंचवीस ठोके, असे तीन थर. कधी पाणी कमी घालून, कधी जास्त. कोणत्या पाण्याला माती सगळ्यात घट्ट बसते ते शोधायचं. रफिकभाई दणकट माणूस, पण तोंड सतत चालू. एकदा माझ्याशी बोलता बोलता ठोकत होते. पलीकडच्या खोलीत साहेब वरच्या ऑफिसातून आलेल्या मोठ्या साहेबांबरोबर बसलेले. रफिकभाई थांबले, दुसरा थर घालायला वाकले, तेवढ्यात भिंतीपलीकडून आवाज आला, "रफिकभाई, एक राहिला."

"साब, पच्चीस हुए."

"चोवीस. बाईंना पोरीच्या शाळेचं विचारत होता तेव्हा एक खाल्लात."

रफिकभाईंनी एक ठोका दिला. मोठ्या साहेबांचं काय बोलणं चाललं होतं ते धारूरकर साहेबांना किती कळलं देव जाणे, ठोके मात्र त्यांनी सगळे मोजले होते.

आणखी एक. थंडीत मी घरून दोन रताळी आणली आणि गुपचूप ओव्हनमध्ये मातीच्या डब्यांशेजारी ठेवली. वास लपतो थोडाच. साहेब आले, ओव्हन उघडला, रताळी बाहेर काढली आणि काही न बोलता वजनकाट्यावर ठेवली. मला विचारलं, "आधी वजन केल्तं?"

"न्हाई साहेब."

"मंग काय उपयोग." एक रताळं मोडलं, अर्धं मला दिलं, अर्धं रफिकभाईंना. दुसरं स्वतः व्हरांड्यात जाऊन उभ्यानं खाल्लं. परत आले आणि म्हणाले, "रताळं चांगलं होतं. ओव्हन मातीचा आहे." त्यानंतर मी काही ठेवलं नाही.

आता ती गोष्ट.

पुढच्या वर्षीची थंडी. दिवसभर ओल्या मातीत हात, त्यात कोरडी हवा, तळहाताला भेगा पडायला लागल्या. त्यात चिकट नमुने आले. वात काचेला चिकटायची, हाताला चिकटायची. पापड लाटणारी बाई पिठाला हात लावायच्या आधी तेलाचं बोट फिरवते. तिला कुणी शिकवावं लागत नाही. मी एका झाकणात गोडं तेल आणून खिडकीत ठेवलं आणि बोट फिरवायला लागले. वाती अशा सुरेख व्हायला लागल्या की मीच बघत बसायची. हाताला तेल लावू नका असं मला कुणी सांगितलं नव्हतं. सांगणार तरी कोण? इंजिनिअर लोकांनी पापड कधी लाटले होते?

तेलानं काय होतं ते मला नंतर कळलं. जिथं तुटायला पाहिजे तिथं वात तुटत नाही, आणखी वाळेपर्यंत टिकते. मग माती आहे त्याहून जास्त चिकट आहे असं कागदावर येतं. आणि चिकट मुरूम रस्त्याच्या थराला चालत नाही. पावसाळ्यात पाणी पितो, फुगतो, वरचं डांबर फोडतो.

त्या आठ दिवसांत बरेच नमुने माझ्या हातून गेले. त्यातल्या एकाचाच कागद सही होऊन बाहेर गेला. टेंभुर्णीकडच्या एका रस्त्याचा मुरूम. थोडक्यात नापास. गुत्तेदार दुसऱ्या दिवशी दारात हजर.

"साहेब, ह्याच खदानीचा मुरूम पलीकडच्या रोडला चालला. माझाच कसा काय नासला?"

"मुरूम नासत न्हाई. नियमात बसत न्हाई, एवढंच."

"जरासा तर फरक हाये. इकडचा आकडा तिकडं करायला काय लागतं?"

"तो इकडंच राहील."

"मंग परत तपासा. मी न्हाई मानत."

"तपासतो. तो तुमचा हक्क आहे. ओरडायचा न्हाई."

गुत्तेदार गेला. जाता जाता म्हणाला, असे लई साहेब सरळ केले. साहेब तेव्हा पेन्सिलीला टोक करत होते, ते करत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब स्टूल घेऊन माझ्या शेजारी बसले. परत तपासायचं तर डोळ्यासमोर. मी काच पुसली, माती घेतली आणि सवयीनं खिडकीकडं हात नेला.

"बाई, हे काय करून राह्यल्या?"

"काय न्हाई साहेब. वात करून राह्यले."

"त्या झाकणात काय आहे?"

"तेल. चिकटत न्हाई मंग." मी जराशी ऐटीतच सांगितलं, खोटं कशाला बोलू.

साहेबांनी झाकण उचललं आणि नाकाशी नेलं. मातीचा वास घ्यायला त्यांना जेवढा वेळ लागायचा त्याहून खूप जास्त वेळ ते झाकण त्यांनी तिथं धरलं. दुसऱ्या खोलीतला धुम्मस थांबला.

"कधीपासून?"

"आठ दिस झाले. हात फुटले तवापासून."

ते उठले आणि दार लावलं. तेव्हा मला कळलं की काहीतरी मोठं झालं. रोजंदारीच्या बाईला काढायला कागदसुद्धा लागत नाही, उद्या येऊ नका म्हटलं की झालं. दोन मुली, भाड्याची खोली. मी पदरानं काच पुसली आणि म्हटलं, "साहेब, मी जाते."

"कुठं?"

"घरी."

"अन् ह्या वाती कोण करील? हात धुवून या. नुस्त्या साबणानं जाणार न्हाई. आधी राख, मंग साबण."

मी धुऊन आले. त्यांनी माझे दोन्ही तळहात उलटसुलट केले, वास घेतला आणि परत पाठवलं. दुसऱ्यांदाही परत पाठवलं. तिसऱ्यांदा म्हणाले, "बसा."

आठ दिवसांचे सगळे नमुने आम्ही नव्यानं तपासले. साहेब स्वतःही वळायला बसले. त्यांच्या वाती उंदरासारख्या, एकीकडं पोट आणि एकीकडं शेपूट. शेवटी त्यांनी हात झटकले आणि म्हणाले, "हे तुमचंच काम आहे." दुसऱ्या दिवशी डब्या ओव्हनमधून निघाल्या. बाकीच्यांचं जे काय व्हायचं ते झालं. त्या गुत्तेदाराचा मुरूम पास होता.

रफिकभाईंनी दार परत लावून घेतलं. "साब, चुप बैठो ना. वो दुसरे खदान का मुरूम लाएगा, रोड अच्छाच बनेगा. किसका क्या बिगडता?"

मलाही ते बराबर वाटलं. तो गुत्तेदार काय साधू नव्हता. त्याला चार कोस लांबून मुरूम आणावा लागला असता तर मला काही रडू आलं नसतं.

साहेब म्हणाले, "मुरूम चांगला आहे, रफिकभाई. मी त्याला वाईट म्हणून सही केली."

मग त्यांनी कागद लिहिला. इंग्रजीत होता, मी विचारलं म्हणून मराठीत वाचून दाखवला. पहिल्या तपासणीत प्रयोगशाळेकडून चूक झाली, तो निकाल रद्द समजावा, नवा निकाल सोबत जोडला आहे. खाली त्यांची सही.

"अन् माझं नाव?" मी विचारलं.

"तुमचं नाव आधीच्या कागदावर कुठं होतं? सही माझी होती."

"पण चूक तर माझी हाये."

"तुमचं नाव लिहिलं तर तुम्ही जाल. नवी बाई येईल. ती पण तेल घेऊनच येईल. तुम्ही आता लावणार न्हाई."

ह्यापुढं माझ्याशी ते त्या विषयावर बोलले नाहीत.

बाहेर मात्र सगळे बोलले. काल नापास झालेला मुरूम आज पास होतो, मधे गुत्तेदार येऊन गेलेला, मग लोकांना आणखी काय पाहिजे? धारूरकर फुटले. गुत्तेदारानं तर मजाच केली. आमच्यासमोरच्या चहाच्या टपरीवर उभं राहून सांगायचा, "कडक हाये, कडक हाये म्हणत होते. बघा, वाकले का न्हाई?" त्यानं साहेबांना चहासुद्धा पाजला नव्हता. पण आपण साहेबाला वाकवलं ह्या नावाचा त्याला धंद्यात उपयोग होता, तो त्यानं करून घेतला. रफिकभाई एकदा त्याच्या अंगावर धावून गेल्ते, तर साहेबांनीच आत बोलावलं. "थर अर्धा राहिलाय. माती वाळून राह्यली."

वरच्या ऑफिसातून विचारणा झाली. चूक कुणाच्या हातून झाली, नाव कळवा. साहेबांनी उत्तर दिलं, प्रयोगशाळा माझ्या ताब्यात आहे, चूक माझी. त्यांची बढती त्या वर्षी थांबली. पुढच्या वर्षीही थांबली. त्यांच्या मागून नोकरीला लागलेला माणूस त्यांचा साहेब होऊन आला, तेव्हा धारूरकर साहेबांनी उठून त्याला नमस्कार केला आणि वजनकाटा दाखवायला घेऊन गेले.

मी एकदा धीर करून म्हटलं, "साहेब, मी टपरीवर जाऊन सांगून टाकते सगळं."

"काय सांगाल? कागदावर लिहिलंय, चूक प्रयोगशाळेची. ज्याला वाचायचंच न्हाई त्याला सांगून काय होणार?" मग म्हणाले, "अन् तुम्ही अजून रोजंदारीवर आहात, बाई."

तीन वर्षांनी मला कायम केलं. त्यासाठी साहेबांनी किती कागद पाठवले ते रफिकभाईंना माहीत. कायम झाल्यावर सांगायला काही हरकत नव्हती. मी सांगितलं नाही. पुढं पेन्शन दिसत होती. उगाच चांगुलपणाचा आव आणत नाही, जे होतं ते लिहिलं.

त्या दिवसापासून एक गोष्ट मात्र सुरू झाली. रोज सकाळी काचेवर बसायच्या आधी साहेब समोर यायचे. "हात दाखवा." मी दाखवायची. ते वास घ्यायचे आणि म्हणायचे, "बसा." सोळा वर्षं, एक दिवस चुकला नाही. नवीन आलेल्या इंजिनिअर पोरी हसायच्या. मग त्यांनाही हात दाखवावे लागायचे, आणि एकीचे क्रीम लावलेले निघाले तेव्हा ती राख शोधत हिंडली.

माझ्या मोठ्या मुलीच्या लग्नाला साहेब आले होते. आहेर देऊन झाल्यावर मांडवभर फिरले आणि एका खांबाजवळ टाच दाबून उभे राहिले. मांडववाल्याला म्हणाले, "इथली भर ताजी आहे. खांब झुकेल."

तो म्हणाला, "साहेब, आमचा खानदानी धंदा हाये."

पंगत अर्ध्यात असताना बघते तर साहेब त्याच खांबाला एका हातानं धरून उभे, दुसऱ्या हातात ताट, आणि जेवायचं कशानं ह्या विचारात. मांडववाला पळत दगड आणायला गेला होता. मी जवळ गेले तर म्हणाले, "जिलबी द्या एक. तोंडात."

ते माझ्या आधी निवृत्त झाले. निरोपाच्या भाषणात कुणी त्यांना कडक म्हणालं, कुणी शिस्तीचे. मागच्या रांगेत एकजण शेजारच्याला म्हणालाच, "एकदा वाकलेले ना पण." मी त्याच्या पुढच्या खुर्चीवर होते. माझी दोन वर्षं राहिली होती. मी मागं वळले नाही.

रफिकभाई आधीच गेले. साहेब गेल्या पावसाळ्यात गेले. निवृत्त झाल्यापासून मी परत टेंभुर्णीलाच राहते. मध्यंतरी एसटीनं त्याच रस्त्यानं घरी येत होते. पुढं दोघं बोलत होते, रस्ता इतकी वर्षं झाली तरी कुठं खचला नाही म्हणून. एकजण म्हणाला, "धारूरकरनं पास केल्ता. खाल्लं असंल त्यात, पण रोड टिकला."

मी म्हटलं, "खाल्लं न्हाई."

"तुम्हाला काय माहीत, आजी?"

"मला माहीत हाये. चूक माझी व्हती. माझ्या हाताला तेल व्हतं."

त्या दोघांनी एकमेकांकडं बघितलं आणि म्हातारीला चढू द्यावं तसं मला बोलू दिलं. तेल, वात, काच, त्यांना काय कळणार? मी उतरले. तेव्हा ठरवलं की हे सुरुवातीपासून नीट लिहायचं. ज्याला वाचायचं तो वाचील.

साहेबांना मी शेवटचं बघितलं ते त्यांच्या जाण्याआधीच्या उन्हाळ्यात. मस्तगडला दुकानावरच्या माडीवर राहायचे. अर्धं अंग गेलं होतं, बोलणं जड झालं होतं. वहिनी म्हणाल्या होत्या की माणसं नीट ओळखत नाहीत, वाईट वाटून घेऊ नका. मी त्या दिवशी मुद्दाम गेले होते. साहेब, आता मला पेन्शन लागली, आता सांगू द्या, असं म्हणायचं होतं. बरोबर पापड नेले होते, सकाळीच लाटलेले, अजून ओलसर. त्यांच्या गच्चीवर वाळतील असा हिशोब.

साहेब खिडकीशी पलंगावर टेकून बसले होते. शर्ट पांढराच. मी म्हटलं, "साहेब, मी गयाबाई. काचेवरची."

त्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलंच नाही. चालणारा हात पुढं केला.

"हात."

मी दोन्ही हात पुढं केले. त्यांनी एक तळहात धरला, हळूहळू नाकापर्यंत नेला आणि तिथं धरून ठेवला.

"तेल," ते म्हणाले.

"पापड करून आले, साहेब. आता काय, घरचे पापड."

"धुवून या."

वहिनी हसल्या. म्हणाल्या, "राहू द्या हो, त्यांना कळत न्हाई." मी म्हटलं, कळतंय. राख कुठली मिळायला आता. कुंडीतली मूठभर कोरडी माती घेतली, हाताला चोळली, मग साबण लावला. दोनदा धुतले. वास घेऊन बघितला आणि तिसऱ्यांदा धुतले.

परत आले तर साहेबांचा डोळा लागला होता. हात तसाच पुढं, गादीवर उघडा.

वहिनी म्हणाल्या, "बसा, उठतील."

मी पलंगाशेजारच्या स्टुलावर बसले, तळहात वर करून, हात मांडीवर ठेवून. वाळेपर्यंत बसले. पाचची गाडी होती, मग निघाले.